सर्व्हिस एरियावरची सेलिया

जर्सीगाय

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा इकडे आले होते. त्यांना घेऊन केप मेला निघालो. आमच्या न्यू जर्सीतल्या गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गावरच्या सर्व्हिस एरियांना, म्हणजे थांब्यांना, अलीकडे राज्यातल्या नामवंतांची नावं दिलीत. एक बॉन जोव्हीच्या नावाचा, एक व्हिटनी ह्यूस्टनच्या, एक सिनात्राच्या. फोर्क्ड रिव्हरला पाय मोकळे करायला थांबलो, तर तो सेलिया क्रूसच्या नावाचा निघाला. आईने कॉफीचा एक घोट घेतला, तोंड कसंनुसं केलं आणि म्हणाली, "साखर घालायची असते हे यांना कुणी सांगितलं नाही का?" मग पाटीकडे बघत, "आणि ही सेलिया कोण गं?"

"गायिका होती. साल्साची."

"म्हणजे तू चिप्सबरोबर देतेस ती चटणी?"

बाबा हसले आणि मी गप्प बसले, कारण पुढचं मलाही ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर ऐकायला लागले, वाचायला लागले. आता नवरा म्हणतो, घरात एक बाई राहायला आलीये आणि ती ओरडते फार. म्हटलं इथे लिहून मोकळं व्हावं. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आईने नकळत सेलियाचाच किस्सा केला होता, हे मला नंतर कळलं. मायामीतल्या एका रेस्टॉरंटात वेटरने सेलियाला विचारलं, कॉफीत साखर घालू का? वेटर क्यूबन. ही म्हणाली, अरे, तू आपला माणूस ना? आणि मला हे विचारतोस? आपली कॉफी कडू जहर, साखर नको तर काय! रात्री स्टेजवर तिने हे रंगवून सांगितलं. लोक हसले. मग रोजच सांगायला लागली. होता होता किस्सा गळून पडला, उरली फक्त आरोळी: आसूकार! साखर! गाण्याच्या आधी, मध्ये, ट्रम्पेट चढत असताना, कुठेही. पुढे ती स्टेजच्या पायऱ्या उतरतानाही हेच ओरडायची आणि हजारो लोक उलट ओरडायचे.

हावानाच्या सांतोस सुआरेस भागात २१ ऑक्टोबर १९२५ ला जन्म. वडील सिमोन रेल्वेत फायरमन, इंजिनाच्या भट्टीत कोळसा ओढणारे. घरात पोरांचं गोकुळ, आणि धाकट्यांना गाऊन झोपवायचं काम सेलियाकडे. तिचं गाणं ऐकायला शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहायचे, त्यामुळे पोरं झोपायची नाहीत. वडिलांची इच्छा तिने शिक्षिका व्हावं, आणि त्यासाठी ती नॉर्मल स्कूलला जातही होती. मधेच रेडिओवरच्या एका हौशी स्पर्धेत टँगो गायली आणि पहिली आली. बक्षीस काय, तर केक. पुढे मिळालेल्या ग्रॅमीपेक्षा मला हा केक जास्त आवडलाय. घरी नेताना तो बसमधे कसा सांभाळला असेल याचा मी उगाच विचार करत बसते.

१९५० मध्ये सोनोरा मातान्सेरा या नावाजलेल्या बँडची गायिका मिर्ता सिल्वा पोर्तो रिकोला परत गेली आणि तिच्या जागी सेलिया आली. लोकांना ती रुचली नाही. रेडिओवर तक्रारींची पत्रं यायला लागली, की ती आधीचीच बरी होती. रेकॉर्ड कंपनीचा अमेरिकन मालक म्हणाला, बाईच्या आवाजातला रुंबा विकला जात नाही. बँडप्रमुख रोहेलिओ मार्तिनेस मात्र अडून बसला. तो म्हणाला, रेकॉर्ड पडली तर तिचे पैसे मी माझ्या खिशातून देतो. रेकॉर्ड चालली. मग पंधरा वर्षं ती त्यांच्याबरोबर गात होती आणि 'क्यूबाची ग्वाराचेरा' हे नाव तिला कायमचं चिकटलं. ग्वाराचा म्हणजे जलद लयीतलं, चावट, शब्दांची आतषबाजी असलेलं गाणं. नुसत्या दमसासाचं काम नाही ते, जिभेला धार लागते.

१९५९ च्या जानेवारीत क्रांती झाली. आत्मचरित्रात तिने एक प्रसंग सांगितलाय. एका बड्या घरी ती पियानोजवळ उभी राहून गात होती. फिदेल कास्त्रो आला. सगळे धावत त्याला भेटायला गेले, ही जागची हलली नाही. निरोप आला, कमांडरसाहेबांना तुम्हाला भेटायचंय, डोंगरात बंदूक साफ करताना ते तुमचं गाणं ऐकायचे. हिचं उत्तर, मला पैसे पियानोपाशी गायचे मिळालेत, त्यांना भेटायचं असेल तर त्यांनी इकडे यावं.

१५ जुलै १९६०. सोनोरा मातान्सेरा कार्यक्रमांसाठी मेक्सिकोला निघाली. विमानात रोहेलिओने सांगितलं, ही एकतर्फी वारी आहे. सेलिया तेव्हा ३४ वर्षांची होती.

एप्रिल १९६२ मध्ये सेलियाची आई गेली. लाडाने तिला सगळे ओय्यिता म्हणत. सेलिया न्यूयॉर्कला होती. अंत्यसंस्काराला येऊ द्या म्हणून तिने परवानगी मागितली, क्यूबा सरकारने दिली नाही. मी इथे येऊन थांबते दर वेळी. आपल्यापैकी इकडे राहणाऱ्या कितीतरी जणांनी रात्री दोनचा फोन घेतलाय. तिकीट मिळत नाही, व्हिसावर शिक्का नाही, पोचेपर्यंत उशीर होतो. पण येऊच नकोस असं आपल्याला आपल्या देशाने कधी सांगितलेलं नाही.

त्याच वर्षी १४ जुलैला बँडमधल्या ट्रम्पेटवाल्या पेद्रो नाइटशी लग्न केलं. काही वर्षांनी पेद्रोने ट्रम्पेट खाली ठेवली आणि तो तिचा मॅनेजर झाला. केस लवकर पांढरे झाले त्याचे, म्हणून ती त्याला 'कापसाचं डोकं' म्हणायची. शेवटपर्यंत फोर्ट लीला राहिले दोघं, जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या आमच्या बाजूला. मूल नाही.

आता माझ्या मते यातला खरा भाग. साठच्या दशकात तिचं फारसं काही चाललं नाही. न्यूयॉर्कचा बँडप्रमुख तितो प्वेन्ते, त्याच्यासारख्या बाप माणसाबरोबर रेकॉर्डवर रेकॉर्ड काढल्या आणि त्या पडून राहिल्या. लॅटिनो पोरांना रॉक हवं होतं, ही त्यांच्या आईबापांची गायिका. तेवढ्यात अमेरिकेच्या निर्बंधांमुळे क्यूबाहून नवीन संगीत यायचं बंद झालं. न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन आणि डॉमिनिकन वादकांकडे उरल्या घरातल्या पन्नासच्या दशकातल्या रेकॉर्डी. त्या झिजेपर्यंत ऐकून, त्यात ट्रॉम्बोनचा कर्कशपणा आणि ब्राँक्सचा रस्ता घालून त्यांनी जे काढलं, त्याला 'साल्सा' हे नाव पडलं. आणि त्या जुन्या रेकॉर्डींतला आवाज हडसन नदीपलीकडे जिताजागता राहत होता! डॉमिनिकन बासरीवाला जॉनी पाचेको सोनोरा मातान्सेराचा भक्त. त्याच्याबरोबर १९७४ मध्ये तिने काढलेल्या तबकडीची सुरुवात 'किंबारा'ने होते. ती ४८ वर्षांची होती. बाकीच्यांच्या करिअरची जिथे संध्याकाळ होते तिथे हिची पहाट झाली.

१९९० मध्ये ती ग्वांतानामोच्या अमेरिकन नाविक तळावर गायला गेली. तळ अमेरिकेच्या ताब्यातला, पण जमीन क्यूबाची. तिथली थोडी माती तिने पिशवीत भरून आणली, आपल्या शवपेटीत ठेवायला. तीस वर्षांत मातृभूमीला एवढाच काय तो हात लागला.

कुणी ऐकलंय का तिला? जाणकारांनी भर घालावी. मला तालातलं ओ की ठो कळत नाही, पण काहीतरी वेगळं चाललंय एवढं जाणवतं.

निमकी

मस्त धागा! चटणीवरून आठवलं, तितो प्वेन्तेलाही हे नाव आवडायचं नाही. साल्सा म्हणजे खायचा सॉस, मी वाजवतो ते क्यूबन संगीत, अशा अर्थाचं तो ज्याला त्याला ऐकवायचा. म्हणजे काकूंचं बरोबरच होतं.

मृदंग्या

जर्सीगाय ताई, तालाचं मी सांगतो. हात मोकळे ठेवा.

सोळा मात्रा मोजा, तीनतालाच्या मोजता तशाच. धा धिं धिं धा विसरा. फक्त १, ४, ७, ११ आणि १३ वर टाळी द्या, बाकी सगळ्या मोकळ्या. म्हणजे पहिल्या आठात तीन टाळ्या, दुसऱ्या आठात दोन. आधी सावकाश. सात आणि अकराच्या मधे जो लांब श्वास येतो तिथे घाई होते सगळ्यांची. हा 'क्लावे'. दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर मारून वाजवतात, त्या दांडक्यांचंही नाव तेच. सातवी टाळी सरकवून आठवीवर नेली की रुंब्याचा क्लावे होतो, आणि एवढ्याने अख्खा रंग बदलतो.

आपल्याकडे सम म्हणजे घर. कुठेही हिंडा, तिथे येऊन भेटायचं. यांच्याकडे बासवाला समेवर बहुधा वाजवतच नाही. आधीच्या मात्रेवर आघात करून तो सूर समेवरून ओढून नेतो. सम रिकामी राहते आणि ती भरायला तुमची कंबर हलते. लोक नाचतात ते काही उगाच नाही.

पाच टाळ्यांच्या या सांगाड्यावर पियानो, काँगा, ट्रम्पेट आणि गायक सगळे टेकलेले असतात. कुणी उलट्या अंगाने पडला तर त्याला 'क्रुसादो' म्हणतात. आडवा गेलेला. या बाईचं आडनाव क्रूस, म्हणजे क्रॉस, आणि मी जेवढं ऐकलंय त्यात ती एकदाही आडवी गेलेली नाही. 'किंबारा'च्या सुरुवातीला ती ते निरर्थक अक्षरांचं जे काही म्हणते ना, तो तोंडाने वाजवलेला ड्रम आहे. पढंत म्हणा हवं तर.

जर्सीगाय

@मृदंग्या, स्वयंपाकघरात ओट्यावर वाजवून बघतेय. अकरावी हुकते. मुलगा म्हणतो, आई, कुणीतरी दार ठोठावतंय.

आगाऊ_पेठकर

लेख चांगला आहे, माहिती भरपूर. पण एक सांगा, स्वतः तिकीट काढून विमानात बसलेल्या, येलची मानद डॉक्टरेट घेतलेल्या, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हातून पदक घेतलेल्या बाईला वनवासी म्हणायचं असेल, तर आमच्या सोसायटीतली निम्मी पोरं वनवासातच आहेत. त्यांच्या आया मात्र पेढे वाटत होत्या.

शिवाय ती ज्या हावानात गात होती तिथे क्रांतीआधीचा हुकूमशहा बातिस्ताच्या काळात काळ्या माणसाला कित्येक खासगी क्लबांत आणि समुद्रकिनाऱ्यांवर प्रवेश नव्हता. क्रांतीने ते किनारे सगळ्यांना उघडले. एका काळ्या कामगाराच्या मुलीने त्याच क्रांतीकडे पाठ फिरवली, याबद्दल धाग्यात अवाक्षर नाही.

जर्सीगाय

पेठकर, 'वनवास' हा शब्द मी वापरलेलाच नाही, तुमचा तुम्हीच आणलात.

दुसरा मुद्दा मान्य. तो लेखात यायला हवा होता. पण तिकीट काढून गेली म्हणून हद्दपार नाही, हे पटत नाही. जाताना दार उघडं होतं, ते मागून बंद झालं. मग क्यूबाच्या रेडिओवरून तिचा आवाजही गायब झाला. माणूस बाहेर गेला तर एक वेळ ठीक, पण दहा वर्षं घराघरांत वाजलेल्या रेकॉर्डींनी काय केलं होतं? तुमच्या सोसायटीतल्या पोरांचे फोटो भिंतीवरून उतरवलेत का?

अनुस्वार

या वादात शब्दाचीच अडचण आहे. 'हद्दपार' म्हटलं की कुणीतरी गचांडी धरून बाहेर काढलेलं असतं. 'तडीपार' म्हटलं की गुंड. 'निर्वासित' म्हटलं की छावणी. मला इथे 'परागंदा' बरोबर वाटतो. फारसीतून आलेला, मुळात अर्थ विखुरलेला, पांगलेला. तिने स्वतः पाऊल उचललं की लोटली गेली, हे तो शब्द विचारत नाही.

आणि आता माझा आवडता भाग. आसूकार हा शब्द स्पॅनिशमधे अरबीतून आला, 'अस्-सुक्कर'. अरबीत फारसी 'शकर'वरून. आणि शकर आपल्या 'शर्करा'वरून. तीच प्राकृतात 'सक्कर' आणि मराठीत साखर. म्हणजे ती बाई हावानाची आठवण काढून स्टेजवरून जे ओरडत होती, तो काकूंच्या डब्यातलाच शब्द, अंदालुसियाला वळसा घालून गेलेला.

शिरोळचा_ऊस

अनुस्वार, आता माझी पाळी.

आम्ही उसातली माणसं. तुम्हाला 'साखर' ऐकून गोड वाटलं असेल, मला आधी पाचट आठवलं. क्यूबात गळीत हंगामाला 'साफ्रा' म्हणतात. आफ्रिकेतून धरून आणलेल्या लाखो माणसांच्या पाठीवर तो साखरधंदा उभा राहिला आणि गुलामी तिथे कायद्याने संपली ती १८८६ मध्ये. सेलियाच्या जन्माआधी चाळीसही वर्षं नाहीत. मृदंग्यांनी सांगितला तो ताल याच माणसांनी सोबत आणलेला. काळी बाई भर स्टेजवर 'साखर!' म्हणून गर्जते तेव्हा तिचा कॉफीचा किस्सा खराच असेल, पण त्या शब्दात फक्त कॉफी मावत नाही. तिच्या गाण्याबद्दल लिहिणाऱ्यांनीही हा अर्थ पुष्कळदा लावलाय.

अजून एक. ६ जुलै १९६० ला आयसेनहॉवरने क्यूबाच्या साखरेचा कोटा कापला. अमेरिका म्हणजे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. राहिलेली साखर मग रशियाने घ्यायची ठरवली आणि क्यूबा पुरता त्या गोटात गेला. सेलियाचं विमान उडालं १५ जुलैला, नऊच दिवसांनी. साखरेवरून दोन्ही देशांचं फाटायला आणि हिचं निघायला एकच पंधरवडा.

पुढे १९७० च्या हंगामात कास्त्रोने एक कोटी टनांचं लक्ष्य ठेवलं, शिक्षक-कारकून सगळे कोयता देऊन उसात उतरवले. झाली ८५ लाख टनांच्या आसपास. उत्पादन म्हणून विक्रमच, पण बाकीच्या सगळ्या धंद्यांचा बोऱ्या वाजला. कारखान्याच्या चेअरमनने इरेला पेटून गाळप केलं की काय होतं ते आमच्याकडे नवीन नाही.

निमकी

वर कोणीतरी कपड्यांबद्दल लिहील म्हणून थांबले होते, कोणी लिहीत नाही! निळे-पिवळे विग, झालरींचे घोळदार झगे, आणि ते बूट! उंच तळाचे, आणि टाच जिथे हवी तिथे काहीच नाही, हवा! मेक्सिकोतल्या कारागिराचे. एक जोड वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधे आहे. सत्तरीपर्यंत ती त्यावर नाचली. मी मंगळागौरीनंतर दोन दिवस गुडघ्याला शेक घेते.

स्वरदा_म

धागा आवडला, पण सेलियाची आरती चालू आहे म्हणून ला लूपेची आठवण करून देते.

लूपे योली, सान्तियागोची. तीही १९६२ मध्ये क्यूबा सोडून आली. तीही काळी, तीही तितो प्वेन्तेबरोबर गायली, आणि हिची प्वेन्तेबरोबरची गाणी तुफान चालली. स्टेजवर बूट फेकायची, दागिने ओरबाडायची, भिंतीवर मुठी मारायची. सेलिया तालाच्या बाहेर कधी गेली नाही, लूपे स्वतःच्या बाहेर जायची. सत्तरच्या दशकात दोघी एकाच रेकॉर्ड कंपनीच्या छत्राखाली आल्या, फान्याच्या. फान्याने आपलं वजन सेलियाच्या पारड्यात टाकलं. सेलिया वेळेवर येणारी, नवऱ्याबरोबर राहणारी, दारू नाही, लफडं नाही. लूपे मागे पडली. आजारपण, घराला लागलेली आग, सरकारी मदतीवर दिवस, मग धर्माकडे वळणं, आणि १९९२ मध्ये ब्राँक्समधे शेवट. परागंदा बाईने हसतमुख राहायचं, ही अट लूपेने पाळली नाही एवढंच.

दुसरं, आपल्याकडे क्यूबन संगीत म्हटलं की लोक ब्वेना व्हिस्ता सोशल क्लब म्हणतात. १९९७ ची ती तबकडी पुण्यात मी चार घरांत पाहिलीये. ओमारा पोर्तुओन्दो, इब्राहिम फेरेर. हे क्यूबातच राहिलेले लोक, जगाला ते म्हातारपणी 'सापडले'. सेलियाला कुणी शोधून काढायची गरज पडली नाही. ती समोरच होती, म्हणून आपल्याला दिसली नाही.

आगाऊ_पेठकर

स्वरदा, प्रतिसाद आवडला. तुमच्या ब्वेना व्हिस्तात माझाही मुद्दा दडलाय, पण तो माझ्या विरुद्ध जातोय. ज्या क्लबावरून ते नाव आलं तो हावानातल्या काळ्या लोकांचा क्लब. क्रांतीनंतर भेदभाव संपवायचा म्हणून गोऱ्यांचे क्लब बंद झाले, त्याबरोबर काळ्यांच्या अशा संस्थाही बंद झाल्या. त्यांच्या नाचगाण्याच्या जागाच गेल्या. तेव्हा किनारे उघडले हे खरं आणि हेही खरं. नोंद करून ठेवतो, कारण मी सहसा माघार घेत नाही.

राजकारणाबद्दल मात्र माझं मत कायम. कास्त्रो आहे तोवर पाऊल ठेवणार नाही म्हणणारी बाई मायामीतल्या कडव्या मंडळींना सोयीची होती.

मायामीतला_मामा

सोयीची होती की नव्हती ते सांगत नाही, पाहिलं ते सांगतो.

१६ जुलै २००३ ला ती फोर्ट लीच्या घरी गेली. मेंदूत गाठ होती. आधीच्या डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यातून उठून तिने शेवटची तबकडी गाऊन पूर्ण केली. पार्थिव आधी मायामीला आणा, ही तिची इच्छा. क्यूबाच्या जास्तीत जास्त जवळ तेवढंच जाता येत होतं.

फ्रीडम टॉवरमधे ठेवलं होतं. ही इमारत १९२५ ची, तिच्याच वयाची. मुळात वर्तमानपत्राची कचेरी. साठच्या दशकात क्यूबातून आलेल्या निर्वासितांची नोंदणी, लसीकरण, अन्नवाटप इथेच व्हायचं. रांगेतल्या कित्येक म्हाताऱ्यांनी त्याच दारातून पहिल्यांदा अमेरिका पाहिली होती. मी कामावरून तसाच गेलो, ऑफिसातल्या क्यूबन सहकाऱ्याबरोबर. जुलैतलं मायामी, शर्ट अंगाला चिकटलेला. रांग कुठे संपते ते दिसत नव्हतं. मला वाटलं होतं रडारड असेल. होती, पण मधूनच कुणीतरी क्लावेची टाळी सुरू करायचं आणि अख्खी रांग गायला लागायची. माझ्या पुढे एक आजी होत्या, त्यांच्या हातात थर्मास. छोट्या कपांतून त्या पुढच्या-मागच्यांना कॉफी देत होत्या. मला दिली. साखरेचा पाकच तो, ओठाला ओठ चिकटले. मी स्पॅनिशमधे आभार मानले, त्यांनी मी कुठला विचारलं. इंडिया म्हटल्यावर म्हणाल्या, लांबून आलास. मी गप्प बसलो. चाळीस मिनिटांवर राहत होतो.

हजारो माणसं येऊन गेली त्या दिवशी. मग तिला न्यूयॉर्कला नेलं, सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमधे प्रार्थना, ब्राँक्सच्या वुडलॉन दफनभूमीत दफन. पेटीत ती ग्वांतानामोची माती. चार वर्षांनी पेद्रोही तिथेच.

क्यूबाच्या सरकारी पेपरात दोनच परिच्छेद आले. महत्त्वाची गायिका होती एवढं मान्य, आणि क्रांतीविरोधी कारवायांत भाग घेत होती याची आठवण. माझा सहकारी ते वाचून हसला. म्हणाला, निदान महत्त्वाची होती हे तरी छापलं.

निमकी

मामा, डोळ्यात पाणी आणलंत.

तारखा बघा कुणी? लग्न १४ जुलै, क्यूबा सुटला १५ जुलै, मृत्यू १६ जुलै. वर्षं वेगवेगळी, पण कॅलेंडरवर तीन चौकोन लागून.

स्वरदा_म

निमकी, आणि शंभरावा वाढदिवस ऑक्टोबर २०२५ ला होता. जगभर साजरा झाला. हावानात एका नाटकमंडळीने तिच्यावर कार्यक्रम ठेवला होता, तो सरकारी यंत्रणेने रद्द करवला. तेव्हा जाऊन बावीस वर्षं झाली होती तिला. पेठकर, आता सोयीचं कोणाला?

आगाऊ_पेठकर

निरुत्तर. पॉपकॉर्न संपले.

मृदंग्या

अवांतर: ऐकायला सुरुवात करायची असेल त्यांनी आधी सोनोरा मातान्सेराबरोबरची पन्नासच्या दशकातली गाणी घ्या, नंतर पाचेकोबरोबरची. एकच गोष्ट लक्ष देऊन ऐका. गाण्याच्या उत्तरार्धात साथीदार एकच ओळ धरून बसतात आणि ती मधल्या रिकाम्या जागेत ऐनवेळी सुचेल ते घालते, दर वेळी नवं. भजनात टाळकरी ध्रुपद धरतात आणि बुवा मोकळा सुटतो ना, तसं. जागा किती मात्रांची आहे ते आधीच ठरलेलं, आणि तरी तिला घाई म्हणून नाही. शेवटच्या मात्रेपर्यंत शब्द टाकत राहते आणि बरोब्बर वेळेत बाजूला होते.

तिला इंग्रजीत गा म्हणून पुष्कळांनी सांगितलं असणार. तिचं ठरलेलं उत्तर होतं, माझं इंग्रजी दिसायला काही फार देखणं नाही. स्पॅनिश सोडून ती फारशी कशात रमली नाही, आणि १९८७ मध्ये स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या कार्निव्हलला तिच्यासमोर अडीच लाख माणसं नाचली. गिनीज बुकात नोंद आहे.

शिरोळचा_ऊस

ट्रॅक्टरवर लावून बघतो.

जर्सीगाय

सगळ्यांचे आभार. लूपेबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, आठवडाभर तीच ऐकतेय. नवरा म्हणतो आधीची बरी होती. (सोनोराच्या श्रोत्यांनी रेडिओला हेच कळवलं होतं, असं त्याला सांगितलं.)

एक सांगायचं राहिलं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीने पाव डॉलरच्या नाण्यावर सेलिया काढलीये. एका बाजूला वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूला ही, झालरींचा झगा घालून, बाजूला कोरलंय आसूकार. लेकाला दुकानातून परत आलेल्या सुट्ट्या पैशांत सापडलं. भारतात निघालेल्या मैत्रिणीबरोबर मी ते सांगलीला आईकडे पाठवलं.

काल आईचा फोन आला. नाणं मिळालं, चष्मा लावून नीट बघितलं म्हणाली. "झगा छान आहे गं तिचा. पण एवढ्याशा पैशात तिकडे साखर किती येते?"